तीन बायकांचं रोमकरांस पत्र

फेब्रुवारी संपत आला, दुपारचं ऊन जरा चावायला लागलं, की माझ्या नाकाशी सुंठेचा वास येतो. कुठूनही येतो. ऑफिसात एसी चालू असतो, समोर कॉम्प्युटर, आजूबाजूला सुंठ खाणारं कुणी नाही, तरी येतो. मग मी कॅलेंडर बघते आणि कळतं, राखेचा बुधवार जवळ आला. उपवासकाळ सुरू होणार. तिथून ईस्टरपर्यंतचे सगळे आठवडे मी राहते पुण्यात, पण निम्मी असते तंजावरात.

हे कुणाला तरी सांगायचंच होतं, म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून भराभर टाईप करतेय. मागे जाऊन काही दुरुस्त करणार नाही. दुरुस्त करायला बसले की मी अर्ध्या गोष्टी पुसून टाकते.

तर मी नगरची. कॉलेज संपल्या संपल्या पुण्याच्या एका कॉम्प्युटर क्लासवाल्या कंपनीत लागले. तेव्हा दिवसच असे होते की गावात पेप्सीचा बोर्ड लागला की शेजारी कॉम्प्युटर क्लासचा बोर्ड लागायचाच. कंपनीने दक्षिणेत शाखा काढल्या आणि विचारलं, तंजावरला वर्षभर कोण जाईल? मी हात वर केला. बावीस वर्षांची होते, हात पटकन वर जायचा. आई म्हणाली, "तिथे मराठी बोलतात म्हणे, राजांच्या काळापासून." ह्या एका वाक्याच्या भरवशावर मला गाडीत बसवलं. सोबत कपड्यांची बॅग, लोणच्याची बरणी आणि माझं बायबल, रविवारच्या शाळेत मिळालेलं, निळ्या कव्हरचं.

आणि खरंच बोलत होते हो मराठी. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत मला खोली मिळाली ती इंदिरामावशींच्या घरात, वरच्या मजल्यावर. पहिल्या दिवशी बॅग घेऊन दारात उभी, आणि ह्या जाड काठाची साडी नेसलेल्या, केसात गजरा, तोंडात विडा असलेल्या बाई म्हणतात, "ये पोरी. जेवण जालं की?" ते 'जालं' ऐकून मला आधी हसू आलं, मग मी म्हटलं, हो, झालं. झालं नव्हतं. त्यांची मराठी म्हणजे आमच्या पणजीने तमिळ चाल लावून गावी तशी. वाक्य मराठी, पण शेवटाला वर चढायचं. आणि लिहिलेली मराठी त्यांना वाचता यायची नाही. माझ्याकडचं एक मासिक हातात घेऊन त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे आमचंच की? दिसतं बघ कसं, ओळीनं वाळत घातलेलं." दुपारी त्या नवऱ्याला तमिळ साप्ताहिकातली कादंबरी वाचून दाखवायच्या, मोठ्यानं, प्रत्येक पात्राचा आवाज काढून. मी वर खोलीत पंख्याखाली पडून ऐकायची. एक शब्द कळायचा नाही, पण कोण रागावलंय आणि कोण खोटं बोलतंय ते कळायचं.

एकटं वाटणं म्हणजे काय हे मला तिथे कळलं, आणि ते मी समजत होते तसलं नव्हतं. मला वाटायचं एकटं म्हणजे आसपास कुणी नसतं. इथे सगळे होते. क्लासात मुलं होती, माझ्या इंग्रजीवर मान डोलवायची आणि मी पाठ फिरवली की आपसात तमिळमध्ये हसायची. रस्त्यावर सगळे मला 'बॉम्बे' म्हणायचे, कारण तिकडे महाराष्ट्र म्हणजे बॉम्बे. मी बॉम्बे आयुष्यात एकदाच पाहिलेलं, तेही आत्याच्या लग्नाला. इडलीवाली म्हणायची, बॉम्बे, चटणी हवी? घरी मावशी प्रेमळ होत्या, पण त्यांचं बोलणं जेवणाभोवती फिरायचं आणि संध्याकाळी सिरियल लागली की घर टीव्हीच्या दिशेला वळायचं. एसटीडी बूथवरून घरी फोन केला की आई विचारायची, मराठी बोलतात ना गं? मी म्हणायची, बोलतात. ती म्हणायची, मग झालं तर.

आणि चर्च. चर्चमध्ये तर सगळ्यात वाईट. कारण चाली त्याच. ऑर्गन सुरू झाला की माझ्या अंगावर काटा यायचा, ही तर आमची चाल, पप्पा ह्याच चालीत हमखास बेसूर व्हायचे. मी तोंड उघडायची आणि बाकी सगळं चर्च दुसरेच शब्द गायचं. मी मराठीत गायची, हळू, शेजारणीला ऐकू जाणार नाही इतकं. चाल एक, आणि आत मी वेगळी. पाळकांना तिकडे अय्यर म्हणतात, हे एक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणी भटजी आलेत की काय.

एका रविवारी दाराशी सेल्वराज अण्णन भेटले. अण्णन म्हणजे दादा. ते पापनाशमला रेल्वेत होते, रोज पॅसेंजरने जायचे-यायचे, आणि त्यांना बऱ्यापैकी इंग्रजी यायचं. म्हणाले, "सिस्टर, राखेच्या बुधवारपासून टीचरम्मांकडे बायबल वाचन आहे. दर बुधवारी. या तुम्ही."

मी म्हटलं, "मला तमिळ येत नाही."

"मला मोटार चालवता येत नाही. तरी बसमध्ये बसतो की नाही?"

म्हणून गेले.

टीचरम्मांचं घर मिशन कंपाउंडच्या मागे, कौलारू, पुढे बसायला दगडी कट्टा. टीचरम्मा म्हणजे मिशनच्या प्राथमिक शाळेतल्या रिटायर बाई, ऐंशीच्या जवळ आलेल्या, पांढरी साडी, पाठ ताठ. अर्ध्या गावाला त्यांनी अक्षरं शिकवली होती. नवरा होता तेव्हापासून त्यांच्या घरात हे चालायचं: दर उपवासकाळात बायबलमधलं एक पुस्तक घ्यायचं आणि ईस्टरच्या आत संपवायचं. एकही वर्ष अर्धवट सोडलेलं नव्हतं. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा नाही. यंदा पौलाचं रोमकरांस पत्र होतं. आणि यंदा शेवटचं, हे पहिल्याच दिवशी अण्णननी माझ्या कानात सांगितलं. टीचरम्मांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचा माणूस त्यांना सावलीसारखा दिसायचा, अक्षर तर नाहीच. ईस्टर झाला की कोइमतूरचा मुलगा येऊन त्यांना घेऊन जाणार होता, ऑपरेशनला आणि मग कायमचंच. घर भाड्याने द्यायचं ठरलेलं. म्हणजे हे पत्र संपलं तर संपलं, नाहीतर त्यांच्या आयुष्यातलं एकच पुस्तक अर्धं राहणार, आणि तेही शेवटचं.

वाचायची पद्धत अशी. चटईवर गोल बसायचं आणि प्रत्येकानं एकेक वचन वाचायचं, आळीपाळीनं. जो कुणी असल्या गोलात बसलाय त्याला माहीत असेल, पहिल्या मिनिटाला सगळे काय करतात. माणसं मोजतात. माझ्या आधी किती जण, म्हणजे मला कोणतं वचन येणार, आणि त्यात अवघड नाव आहे का. जगात कुठेही जा, हे सारखंच असणार. मीही मोजलं. माझी पाळी आली. टीचरम्मा म्हणाल्या, आणि अण्णननी मला सांगितलं, "प्रत्येकानं आपल्या आईच्या भाषेत वाचायचं."

मी मराठीत वाचलं. वाचून झाल्यावर आत सुंठेची कॉफी उकळत होती तिचा आवाज ऐकू आला. दोन लहान मुली तोंडावर हात धरून हसल्या. मग सेल्वराज अण्णननी तेच वचन परत तमिळमध्ये वाचलं, कारण नाहीतर लोकांच्या हातून ते सुटलं असतं. आणि गोल पुढे गेला.

दर बुधवारी हेच. माझी पाळी म्हणजे आगगाडीला लावलेला रिकामा डबा. माझ्याशिवायही गाडी पोचलीच असती, थोडी लवकरच पोचली असती. शेवटी साखळी प्रार्थना व्हायची. सगळ्यांनी हात धरायचे, एकानं प्रार्थना करायची, झाली की शेजारच्याचा हात दाबायचा, मग त्यानं. माझ्यापर्यंत तो दाब यायचा आणि मी लगेच पुढे सरकवायची. बाहेर पडताना वाटायचं, पुढच्या बुधवारी नाही यायचं. आणि बुधवारी पाच वाजले की पाय तिकडेच. कारण आठवड्यातून तो एकच तास असा होता, जेव्हा कुणीतरी म्हणायचं, आता तुझी पाळी.

मार्च आला आणि गोल लहान व्हायला लागला. बारावीच्या परीक्षा, त्यामुळे ज्या घरात मुलं ती घरं बंद. एका वाहिनीवर नवीन सिरियल सुरू झालेली, नेमकी त्याच वेळेला, हे कुणी बोलायचं नाही पण सगळ्यांना माहीत. भात कापून झालेलं, डांबरी रस्त्यावर पेंढा पसरलेला, त्याच्यावरून बस गेली की कुरकुर आवाज. हवा अशी की पंखा बंद झाला की माणूस थांबून जाईल. दर आठवड्याला एक चटई कमी अंथरली जायची. गोलात माणसं कमी झाली की वचनं जास्त वेळा येतात, हे मला तेव्हा कळलं. पौलाच्या पत्रातला केवढा तरी भाग त्या घरात मराठीत वाचला जात होता आणि त्या घरात मराठी कुणालाच येत नव्हती.

मग अण्णनची बदली झाली विळुप्पुरमला. जाताना म्हणाले, "सिस्टर, आता बस तुम्हीच चालवा."

त्यानंतरच्या बुधवारी मी गेले तर दोघीच. वाचायला डोळे नसलेल्या टीचरम्मा आणि तमिळ नसलेली मी. त्यांचं इंग्रजी म्हणजे वर्गात मुलांना शाबासकी द्यायला लागतं तेवढं. वेरी गुड, सिट डाउन, नेक्स्ट. माझी तमिळ म्हणजे दूध, भाजी, सुटे पैसे नाहीत. स्तोत्रं त्यांना तोंडपाठ होती, पण पौल नाही. पौलाची वाक्यं फार लांब, ती पाठ होत नाहीत, हे त्यांनी मला हात लांब लांब करून दाखवलं. मग म्हणाल्या, "नेक्स्ट."

मी अध्याय उघडला आणि वाचायला लागले. मध्येच वीज गेली, पंखा थांबला, आणि माझा आवाज त्या घरात एकदम मोठा झाला. टीचरम्मा डोळे मिटून बसलेल्या. मी 'विश्वास' वाचलं आणि त्यांचं बोट वर आलं. म्हणाल्या, "विसुवासम." मी 'कृपा' वाचलं. "किरुबै." मी 'नीतिमान' वाचलं आणि त्या हसल्याच, कारण तो शब्द त्यांच्या पुस्तकातही तसाच आहे, काना-मात्रेसकट. मोठे मोठे शब्द दोन्हीकडे एकच होते. अडत होते ते लहान शब्द. पण, म्हणून, तर, जरी, नाहीतर. आणि पौलाचं सगळं म्हणणं त्या लहान शब्दांवरच उभं असतं. त्या दिवशी आम्ही मोठे शब्द वेचत अर्धा अध्याय पार केला आणि अर्थ म्हणून कुणालाच काही मिळालं नाही. मी घड्याळ बघितलं. ह्या वेगानं ईस्टर गाठणं शक्य नव्हतं. टीचरम्मांनाही ते कळलं असणार, कारण त्यांनी कॉफी ओतताना विचारलं, कुठे राहतेस? म्हणजे मला त्यातला 'घर' एवढा शब्द कळला. मी सांगितलं, इंदिराबाई, राजवाड्यामागे.

टीचरम्मांचा हात थांबला. "इंदिरा?" म्हणाल्या, आणि मग बरंच काही म्हणाल्या, त्यातलं मला एकच समजलं. तिला घेऊन ये.

इंदिरामावशी यायला तयार होतील असं मला वाटलं नव्हतं. मंगळवार-शुक्रवारचे उपास करणाऱ्या, पहाटे उठून उंबऱ्यापुढे कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढणाऱ्या बाई त्या. पण टीचरम्मांचं नाव काढलं आणि त्यांनी सिरियल चालू असताना टीव्ही बंद केला. नवरा म्हणाला, "अगे, ते काय होईल पुढे?" मावशी म्हणाल्या, "तुम्ही बघा आणि मज सांगा."

त्या टीचरम्मांच्या विद्यार्थिनी निघाल्या. नातू असलेली बाई, पण दारात पाऊल टाकलं आणि चेहरा चौथीतला झाला. टीचरम्मांना दिसत नव्हतं, पण वास आला. त्यांनी तमिळमध्ये काहीतरी कडक म्हटलं, आणि मावशी गुपचूप बाहेर जाऊन विडा थुंकून आल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"बोलल्या, तोंडात विडा घालून कोण वर्गात येतं. मी बोलले, टीचर, मज नातू आहे. बोलल्या, त्यालाही शिकव."

मग आमची व्यवस्था लागली. मी मराठीत एक वचन वाचायचं. मावशींनी ते ऐकायचं आणि टीचरम्मांना तमिळमध्ये सांगायचं. टीचरम्मांनी त्यावर विचार करायचा आणि बोलायचं, ते मावशींनी मला मराठीत सांगायचं. मग पुढचं वचन. मला वाटलं मावशी बायबल हातात घेणार नाहीत, धर्माचा प्रश्न आहे, म्हणून मी 'तुम्ही वाचाल का' असं विचारलंच नाही. नीट वागायचं म्हणून विचारलं नाही.

आणि काय सांगू, काय मजा यायची. माझं बायबल असं जुन्या भारदस्त मराठीतलं, मावशींची मराठी स्वयंपाकघरातली. मी 'नीतिमान ठरवला जातो' वाचलं की मावशी म्हणायच्या, "म्हणजे?" मी म्हणायची, म्हणजे नीट वागणारा. मावशी तिकडे वळून स्वतःच्या शब्दांत चार वाक्यं सांगायच्या. टीचरम्मा म्हणायच्या, "नीतिमान." तोच शब्द, गावभर फिरून परत. मावशी कपाळाला हात लावायच्या. "मग मज कशास आणलीस?" पौलाचं एखादं वाक्य पाच ओळी चालायचं तेव्हा मावशी मध्येच हात करून मला थांबवायच्या, "थांब गे, हा माणूस श्वास कधी घेतो?" जे भलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही, आणि नको ते होतं, असं पौल कळवळून सांगतो त्या अध्यायाला मावशी सांगता सांगता थांबल्या आणि मला म्हणाल्या, "हे मज ठाव आहे. डाक्टरनं गोड नको म्हणून सांगितलंय." मग हेच टीचरम्मांना तमिळमध्ये सांगितलं, आणि टीचरम्मा गंभीरपणे म्हणाल्या की अर्थ बरोबर आहे.

साखळी प्रार्थनेला आम्ही तिघी हात धरायचो. टीचरम्मा तमिळमध्ये, मी मराठीत. हो, मी. ऐकून समजणारं एक माणूस होतं ना आता. मावशी प्रार्थना करायच्या नाहीत, "मी नुसती पोचवते" म्हणायच्या, आणि इकडचा दाब तिकडे द्यायच्या.

पण वेळ लागायचा. फार वेळ. एक वचन तीन तोंडांतून जायचं. ईस्टर जवळ येत होता आणि पुढ्यात अध्याय पडलेले. आम्ही बुधवारचे बुधवार-शनिवार केले, मग सोमवारही. मावशींची सिरियल बुडाली ती बुडालीच, नवऱ्यानं सांगितलेली गोष्ट त्यांना पटायची नाही. मी क्लासात मुलांना टायपिंगचे धडे लावून मनात मोजत बसायची, आज एवढं झालं तर उद्या तेवढं. टीचरम्मा मात्र घाई करायच्या नाहीत. एखादं वचन वाचून झालं की मान किंचित माझ्याकडे झुकवून थांबायच्या, मावशींनी सांगायच्या आधीसुद्धा, जणू त्यांना मराठीतलंही काही ऐकायचं असायचं. मग मावशींचं ऐकायच्या. मग परत थांबायच्या. मी मनात म्हणायची, टीचरम्मा, चला ना पुढे. त्या काही चालायच्या नाहीत.

पवित्र आठवड्यातल्या बुधवारी आम्ही शेवटच्या अध्यायाला पोचलो. घर निम्मं बांधून झालेलं. भिंतीवरचे फोटो काढलेले, त्यांच्या जागी पांढरे चौकोन. दुपारी अय्यर येऊन गेले होते आणि म्हणाले होते की शेवटच्या अध्यायात नुसती नावंच आहेत, ह्याला सलाम सांगा, त्याला सलाम सांगा, तो सोडला तरी चालेल, दमू नका. टीचरम्मांनी त्यांना कॉफी दिली आणि सोडला नाही.

मी वाचायला लागले. फिबी. प्रिस्का. अक्विला. मावशी सवयीनं तिकडे वळल्या आणि सांगायला तोंड उघडलं, पण सांगणार काय? नावं ती नावंच. टीचरम्मांनी आपणच ती नावं उचलली, तमिळ वळणानं, बायकांच्या नावांच्या शेवटी ळ लावून. मी म्हणायची, त्या म्हणायच्या. मध्ये कुणी नाही. मावशी मागे भिंतीला टेकून म्हणाल्या, "मज आज सुट्टी." त्या सगळ्या उपवासकाळात पहिल्यांदा मी वाचत होते आणि टीचरम्मांना ते सरळ माझ्याकडून समजत होतं. मग रूफाचं नाव आलं, आणि त्याच्या आईचा उल्लेख, जिला पौल माझीही आई म्हणतो. तेवढं मावशींना सांगावं लागलं. त्यांनी सांगितलं. टीचरम्मा म्हणाल्या की पौल तोवर रोमला गेलेलाच नव्हता. न पाहिलेल्या गावात त्याची एवढी माणसं. मला वाटलं, मी ह्या गावात इतके महिने राहतेय आणि सलाम सांगावा अशी नावं मोजली तर एका हाताची बोटं उरतात.

पत्र संपलं. आमेन तिन्हीकडे सारखंच होतं. टीचरम्मांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढे केला तो आधी कानाला लागला, मग कपाळाला, मग डोक्यावर पोचला.

ईस्टरनंतर त्या गेल्या. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून "वेरी गुड" म्हटलं, कुणाकडे बघून ते कळलं नाही.

त्यानंतरचा बुधवार आला. पाच वाजले आणि मी सवयीनं बायबल घेऊन खाली उतरले. मावशी ओसरीवर गवार मोडत बसल्या होत्या.

"कोठें निघालीस?"

"कुठेच नाही." मी त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं म्हटलं, "मावशी, तिकडे टीचरम्मांना कोण वाचून दाखवणार?"

"सून दाखवेल. तमिळ पुस्तक आहे की तिच्याकडे."

मी म्हटलं, "तुम्हाला पण वाचता आलं असतं. पण तुम्ही बायबल हातात घेणार नाही म्हणून मी—"

"असं कोण बोललं? शाळेत बायबल पाठांतराला मज बक्षीस होतं. टीचरनीच दिलेलं."

मला एकदम आठवलं. दुपारी वाचलेली कादंबरी, सगळे ते आवाज. "मग तमिळ बायबल का नाही वाचून दाखवलंत त्यांना? अर्ध्या वेळात झालं असतं. इतकी धावपळ झाली आपली."

मावशींनी गवारीची शेंग मोडली, शिरा काढली. "पहिल्या दिवशीच विचारलं ना मी. बोलले, टीचर, द्या पुस्तक, मी वाचते. टीचर बोलल्या, इंदिरा, तू वाचलीस तर ती पोर काय करील? आपली तोंडं बघत बसेल. तिला वाचू दे, तू नुसती सांग." मग म्हणाल्या, "अय्यर पण बोलले होते, वाचायला मुलगी पाठवतो. तिलाही नको म्हणून सांगितलं."

"आणि ईस्टरच्या आत संपलं नसतं तर?"

"तेच मी बोलले. तुमचं कधी राहिलं नाही, यंदा राहील."

"मग?"

"मग काय. मग बोलल्या, राहिलं तर राहिलं."

मावशींनी शेंगा ठेवलेलं सूप माझ्याकडे सरकवलं. मी मोडायला घेतल्या. आत टीव्हीवर त्यांची सिरियल लागलेली होती आणि त्या उठल्या नाहीत.

जूनमध्ये माझं वर्ष भरलं आणि मी परत आले. मावशींना मराठी वाचता येत नाही आणि मला तमिळ, त्यामुळे पत्राचा प्रश्नच नाही. कधीमधी फोन करते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, टीचरम्मांना थोडं दिसतं, आता त्या स्वतः वाचतात, एवढं मावशींनी सांगितलंय. मला आनंद व्हायला हवा आणि होतोही. पण खरं सांगू, जरासं वाईटही वाटतं. आता त्यांना कुणाची गरज नाही.

इथे पुण्यातही मी बायबल वाचनाला जाते. दर शुक्रवारी, एका फ्लॅटमध्ये, सोफ्यावर. छान लोक आहेत, माझ्याच वयाचे, सगळे मराठी, माझ्याच चर्चचे. कुणी बॉम्बे म्हणत नाही. आळीपाळीनं वाचायचं असतं. गेल्या शुक्रवारी आम्ही पौलाचं दुसरं एक पत्र उघडलं, मी माणसं मोजली, माझं वचन आधीच शोधून ठेवलं, पाळी आली तेव्हा सावकाश, नीट वाचलं. आणि वाचून झाल्यावर मान वर करून थोडी थांबले.

शेजारच्यानं तोवर पुढचं वचन सुरू केलं होतं. त्याचं काही चुकलं नाही. सगळ्यांना समजलं होतं, मग थांबायचं कशासाठी. मी पुस्तकात बघितलं आणि ते कुठपर्यंत पोचलेत ते शोधायला लागले.